थमनंतरचा हुकूम

नव्वदीच्या सुरुवातीला आमची बटालियन उत्तरेच्या डोंगरात चढली. सेक्टरचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. आमच्या प्लाटूनकडे एक पोस्ट होती. पोस्टच्या खाली नाला, नाल्याच्या पलीकडे थोडीशी घरं. मी हवालदार होतो. रेडिओ सेट माझ्याकडे आणि गार्ड बदलण्याचं कामही माझ्याकडेच. घर सुरतेला, नवागाममध्ये. वडील खानदेशातून गिरणीच्या कामाला सुरतेत आले आणि तिथलेच झाले.

पोस्टवर माझ्याच गल्लीतला आणखी एक माणूस होता, सिपाही सुभाष बैसाणे. त्याचे वडील रेल्वेत गँगमन होते. ही हकीकत त्याची आहे. तो लढाईत पडला नाही. पेन्शन घेऊन धडधाकट घरी आला आणि नंतर युरोपात एका नदीच्या काठावर मेला. तिथं त्याच्या थडग्यावर दुसऱ्याच माणसाचं नाव आहे. ते नाव तिथं कसं गेलं आणि त्याचं स्वतःचं नाव त्याला परत का मिळालं नाही, तेवढंच मला सांगायचं आहे.

पोस्टवरचं आयुष्य सिव्हिलियन लोकांना वाटतं तसं नसतं. गोळीबार कमी आणि पाणी भरणं जास्त. पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन मोर्च्यात. मग चहा, हत्यारांची सफाई, बंकरची पडलेली माती पुन्हा चढवणं. त्या उंचीवर डाळ शिजत नाही आणि लंगर कमांडरला, म्हणजे स्वयंपाक्याला, शिव्या दिल्यानं ती लवकर शिजते असंही नाही. बैसाणे माझ्याहून काही वर्षांनी ज्युनियर. मला उस्ताद म्हणायचा. नाकासमोर चालणारा माणूस, पण जीभ तिखट. बुखारीच्या शेगडीजवळ हात शेकत म्हणायचा, "उस्ताद, नवागामात घाम पुसून पुसून रुमाल फाटायचा. सरकारनं आपली चांगली सोय केली."

सेंट्रीचं काम समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अंधारात किंवा धुक्यात कोणी येताना दिसलं की सेंट्री ओरडतो, "थम! कौन आता है?" येणाऱ्यानं जागेवर थांबायचं आणि म्हणायचं, "दोस्त." मग सेंट्री दुसरा हुकूम देतो, "हाथ ऊपर! पहचान के लिए आगे बढो!" माणूस हात वर करून पुढे येतो, ओळख पटते. जो थांबत नाही त्याच्यावर गोळी चालते. रिक्रूट असताना हे आमच्याकडून इतक्या वेळा करून घेतात की झोपेत कोणी थम म्हटलं तरी पाय आवरला जातो. माझी बायको गमतीनं एकदा मागून थम म्हणाली होती. हातातला दुधाचा टोप घेऊन मी उंबऱ्यात उभा.

एका सकाळी धुकं होतं. नाल्यावर बैसाणेची ड्युटी होती, मी त्याच्यामागे सेटवर. पलीकडून एक म्हातारा पाण्यात उतरला. पाठीवर सहा-सात वर्षांची मुलगी बांधलेली. त्या आठवड्यात वरच्या बाजूला गोळाबारी झाली होती आणि परवानगीशिवाय नाला कोणी ओलांडायचा नाही असा कडक हुकूम होता. बैसाणे ओरडला, "थम! कौन आता है?"

म्हातारा पाण्याच्या मधोमध थांबला. दोस्त म्हणायचं असतं हे त्याला कुठून माहीत असणार? त्यानं आपलं नाव सांगितलं. "नूर हुसेन." मग पाठीकडे मान वळवून म्हणाला, "बच्ची बीमार है."

मी कंपनीला कॉल लावला. "चार्ली, धिस इज चार्ली टू. वन सिव्हिलियन विथ चाइल्ड अॅट नाला. चाइल्ड सिक. रिक्वेस्ट परमिशन. ओव्हर."

"चार्ली टू, वेट. आउट."

म्हणजे थांबा, आम्ही नंतर बोलू. कंपनी बटालियनला विचारणार, बटालियन आणखी वर विचारणार. पद्धत तीच. मी बैसाणेला हातानं खूण केली, थांब. म्हातारा गुडघ्याच्या वर पाण्यात. ते पाणी इतकं गार की त्यात आम्ही भांडीसुद्धा काठीनं धरून बुडवायचो. बैसाणेनं दोनदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. सेटवर खरखर चालू होती, उत्तर नव्हतं. तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही.

"हाथ ऊपर! पहचान के लिए आगे बढो!"

म्हाताऱ्यानं हात वर केले तर मुलगी घसरायला लागली. बैसाणे म्हणाला, "हाथ छोडो. आगे आओ, चाचा." नर्सिंग असिस्टंटनं मुलीला आत नेलं. परवानगी आली तोपर्यंत म्हातारा बुखारीजवळ बसून चहा पीत होता.

हुकमाआधी माणूस आत घेतला म्हणून बैसाणेला बटालियनच्या सीओ साहेबांसमोर मार्च करून नेलं. त्याची लान्स नायकची पट्टी यायची होती, ती गेली. तो बाहेर आला तेव्हा मी म्हटलं, "थोडा दम धरला असतास तर काय बिघडलं असतं?"

"उस्ताद, थम म्हटलं की पुढचा हुकूम द्यावाच लागतो. नाहीतर समोरच्यानं कुठवर उभं राहायचं?"

सीओ साहेब चुकले असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. म्हाताऱ्याच्या मागून कोण येतंय हे त्यांना माहीत असायला हवं होतं. पण मुलगी वाचली. थोड्या दिवसांनी म्हातारा अक्रोडांचं गाठोडं घेऊन आला आणि नाल्याच्या पलीकडेच उभा राहिला. बैसाणेनं बोलावलं तेव्हाच पाण्यात उतरला. पोस्टवर सगळ्यांनी अक्रोड खाल्ले, हवालदारानंही.

मी आधी पेन्शनवर आलो, बैसाणे माझ्यामागून. तो शेवटपर्यंत सिपाहीच राहिला. सुरतेत प्लेगची पळापळ होऊन गेली होती आणि गावाला पळालेली माणसं परत आली होती. नवागामात पुन्हा पत्र्याच्या खात्यांतून संचे धडधडायला लागले. खातं म्हणजे लूमचा कारखाना. खिडक्या बंद केल्या तरी आवाज भिंतीतून येतो. आमच्या गल्लीत माणसं मोठ्यानं बोलतात ती त्यामुळे, भांडखोर आहेत म्हणून नव्हे.

बैसाणेला इच्छापोरला एका कारखान्याच्या गेटवर गार्डची नोकरी मिळाली, कंत्राटदाराकडून. कंत्राटदार बदलला की गार्ड बदलायचे. नवा कंत्राटदार आपल्या गावची माणसं आणायचा आणि बैसाणे घरी बसायचा. मग दुसरं गेट. त्याची बायको कमल घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची. दोन मुली शाळेतून आल्या की तेच करायच्या. थोरलीचे डोळे त्या कामानं सारखे पाणावलेले असत. मुलींना या कामातून बाहेर काढायचं एवढं एकच बैसाणेच्या डोक्यात होतं. एक दिवस मला म्हणाला, "पंधरा वर्षं देशाचं गेट सांभाळलं. आता शेठचं गेट उघडतो नि लावतो. ट्रकवाला हॉर्न मारतो, मी धावतो. पोरी बघतात."

मी म्हटलं, "सगळेच पेन्शनर हेच करतात."

"म्हणून तर सांगतोय," तो म्हणाला.

त्याच सुमारास कामरेजला हायवेच्या एका हॉटेलात एक एजंट येऊन बसायला लागला. सगळे त्याला नुसतं भाई म्हणायचे. लूमवाले, हिऱ्याच्या घंटीवरून, पैलू पाडायच्या कामावरून, सुटलेले, आयटीआय करून रिकामे बसलेले, सगळे त्याच्याकडे. बैसाणे मला घेऊन गेला. भाईनं त्याला एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि खूष झाला. "फौजी साथे होय तो लाइन सीधी चाले," म्हणाला. बर्फातून, जंगलातून माणसं न्यायची तर शिस्तीचा माणूस त्याला हवाच होता.

मी विचारलं, "व्हिसा कसला? कामाचा?"

भाई हसला. "काम माटे जाओ तो ना पाडे. जीव बचाववा जाओ तो राखे."

कामासाठी आलात तर नाही म्हणतात, जीव वाचवायला आलात तर ठेवून घेतात. एजंट चोर होता, पण एवढं एक वाक्य तो खरं बोलला. पुढं मी या विषयावर जे मिळेल ते वाचलं. एके काळी युरोपनं बाहेरची माणसं बोलावून कारखाने चालवले. मग पुरे म्हणून कामगारांचा दरवाजा लावून घेतला. जीव वाचवायला येणाऱ्यांसाठी एक खिडकी उघडी होती. नव्वदीत युगोस्लाव्हिया फुटला, माणसांचे लोंढे आले, आणि त्या खिडकीलाही गज बसले. नियम असा झाला की शेजारच्या सुरक्षित देशातून आलात तर त्याच देशात परत जा. शेजारच्याचाही तोच नियम. प्रत्येकाचं बोट पलीकडच्याकडे. मी स्वतः सरहद्दीवर उभा राहिलेला माणूस आहे, सरहद्द नको असं मी म्हणणार नाही. पण राबायला तयार असलेल्या माणसाला मी राबायला आलोय असं सांगायची सोयच ठेवायची नाही आणि मग तो खोटं बोलतो म्हणून ओरडायचं, याचा मला संताप येतो.

तर बैसाणेला निर्वासित व्हायचं होतं. भाईनं सगळ्या बॅचला काश्मीरचे व्हायला सांगितलं. तिथं गोळ्या चालतात हे तिकडच्या साहेबांना माहीत आहे, म्हणाला. ज्यानं त्यानं आपलं नवं नाव पाठ करायचं आणि जुनं नाव कुठल्याही परिस्थितीत तोंडातून काढायचं नाही. एकाचं नाव फुटलं तर सगळ्यांचं फुटतं.

उधना स्टेशनवर मी त्याला सोडायला गेलो. कमल आणि मुली घरीच थांबल्या होत्या. तो पिशवीवर बसला होता, पाठ ताठ.

"नाव काय घेतलंस?" मी विचारलं.

"नूर हुसेन."

मी वळून त्याच्याकडे बघितलं.

"उस्ताद, त्या मुलखातलं मला एकच नाव येतं. दुसरं घेतलं आणि ऐन वेळी विसरलो तर? हे विसरायचो नाही." मग म्हणाला, "लाज वाटते. ज्याला खरंच जीव वाचवायला पाण्यात उतरावं लागलं त्याचं नाव लावून मी पोट भरायला चाललोय."

"मग जाऊ नकोस."

"गाडी आली," तो म्हणाला.

मॉस्कोहून त्याचा फोन आला, गल्लीतल्या पीसीओवर. थंडी आपल्या पोस्टएवढीच आहे, पासपोर्ट भाईच्या माणसानं काढून घेतले, पुढे ट्रकनं जायचं आहे, एवढंच. कमलला म्हणाला, पोरींना टिकल्यांना बसवू नको. त्यानंतर फोन आला नाही. कमल रोज संध्याकाळी पीसीओवाल्याच्या समोरून जायची. तिनं काही विचारायच्या आधीच तो मान हलवायचा.

उन्हाळ्यात त्याच बॅचमधला रमेश परत आला. लूमचा कारीगर, आमच्या मागच्या गल्लीतला. त्याला पकडून, काही महिने ठेवून विमानानं परत पाठवलं होतं. दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या घरी आला आणि दाराशीच उभा राहिला. मी आत बोलावलं, पाणी दिलं. त्यानं ग्लास हातात धरला, प्यायला नाही.

त्यानं सांगितलं ते असं. दोन देशांच्या मधली नदी होती. कोणते देश ते त्याला नीट सांगता येईना. पलीकडे जर्मनी, असं भाईच्या माणसानं सांगितलं होतं. पहाट झाली होती, धुकं होतं, काठाला बर्फाचे तुकडे. बैसाणेनं सगळ्यांना एका लाइनीत लावलं, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. स्वतः सगळ्यात मागे राहिला. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा समोरच्या काठावरून भोंग्यातून आवाज आला.

"हॉल्ट!"

"आखा पयनूत, भाऊ," रमेश म्हणाला. "कोनी इकडे, कोनी तिकडे. तो नही पयना."

"का? तो का नाही पळाला?"

"माले काय माहीत? त्यानं दोन्ही हात वर करात. दोस्त, दोस्त म्हने. फ्रेंड म्हने. आनि उभाच राह्यना."

बैसाणे का पळाला नाही हे आता मला कोणी सांगायची गरज नव्हती. तो पुढच्या हुकमाची वाट बघत होता. थम म्हटलं, तो थांबला. दोस्त म्हणाला. आता काठावरचा सेंट्री म्हणणार, आगे बढो. जगातल्या कुठल्याही फौजेत, कुठल्याही भाषेत, थमनंतर पुढचा हुकूम असतो असं त्याला वाटलं. फौजी सोडून दुसरा कोणी ही चूक करणार नाही. लूमवाला पळाला आणि वाचला.

"समोरचे काय करत होते?" मी विचारलं.

"रेडिओवर बोली राह्यंतात."

रमेश तोपर्यंत पाण्याबाहेर, पलीकडच्या काठाच्या गवतात आडवा पडला होता. तिथून त्याला सगळं दिसत होतं. पुढं ज्या ठिकाणी त्याला कोंडून ठेवलं, तिथल्या दुभाष्यानं त्याला नियम सांगितला. काठावर पाय टेकला की माणूस त्या देशात आला, मग त्याचा अर्ज घ्यावा लागतो. पाण्यात आहे तोवर तो आलेला नाही. म्हणून समोरचे अलीकडच्या काठावाल्यांना विचारत होते की हा तुमचा ना, घेऊन जा. अलीकडचे म्हणत होते, तो तर तुमच्या बाजूला तोंड करून उभा आहे. कोणी गोळी चालवली नाही. कोणी शिवीसुद्धा दिली नाही. वेट, आउट. मी आयुष्यभर सेटवर बसलेला माणूस आहे, मला ती खरखर ऐकू आली.

"खूप येळ उभा व्हता," रमेश म्हणाला. "मंग हात खाले उनात. मंग तो बसना, पानीमाच."

तेव्हा ते पाण्यात उतरले. दोर टाकून त्यांनी त्याला ओढून काढलं, ब्लँकेट टाकलं, छाती दाबली. ते राक्षस नव्हते, हेही मला लिहायला हवं. बैसाणे त्या देशात पोचला तो असा.

गवतातून रमेशला पकडून आणलं आणि ब्लँकेट बाजूला करून चेहरा दाखवला.

"माले इचारं, हाऊ कोन शे?" रमेशनं ग्लास जमिनीवर ठेवला. "मी सांगं, नूर हुसेन."

"खरं नाव का नाही सांगितलंस?"

"सांगतू तं मना केस खलास व्हता. तो सुरतना तं मी बी सुरतना."

त्याला एक थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. पण त्याच्या जागी मी असतो तर कदाचित तेच केलं असतं. नाव लपवून त्याचं काही साधलं नाही, त्याला परत पाठवलंच. नदीकाठच्या गावाच्या कबरस्तानात मुसलमानांसाठी एक कोपरा होता, असं त्याला दुभाष्याकडून कळलं. तिथं बैसाणेला पुरलं आणि लाकडी पाटीवर नूर हुसेन लिहिलं. बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरातला माणूस. सुरतेच्या स्मशानात त्याच्या बापाला ज्या जागी सरणावर ठेवलं होतं ती जागा त्यानं मला एकदा दाखवली होती.

कमलला मी सांगितलं. माझी बायको तिच्या शेजारी बसली होती. कमल रडली नाही. ओंजळीतल्या टिकल्या तिनं डबीत परत ओतल्या, झाकण लावलं आणि म्हणाली, "भाऊ, त्यासनं नाव तठे बदलता येई का?"

मी म्हटलं, येईल. मला खरंच तसं वाटलं होतं. मी चांगली सर्व्हिस केलेला माणूस, अर्ज कसा लिहायचा मला माहीत होतं. आधी तिथल्या आपल्या वकिलातीला लिहिलं. उत्तर आलं की या नावाचा भारतीय नागरिक त्या देशात दाखल झाल्याची नोंद नाही. खरंच आहे, दाखल होऊ दिलाच कुठं? मग पोलीस चौकीत गेलो. हवालदारानं विचारलं, कुठं हरवला? परदेशात. मग तक्रार परदेशात करा. बँकेत दर नोव्हेंबरला आम्ही पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला जातो, साहेबासमोर उभं राहून जिवंत असल्याचं दाखवतो. बैसाणे उभा राहिला नाही म्हणून त्याचं पेन्शन थांबलं. बायकोचं सुरू करायचं तर मृत्यूचा दाखला आणा म्हणाले. तो कुठून आणायचा? मेला होता तो नूर हुसेन. जिवंत असल्याचा कागद नाही, मेल्याचाही नाही. सगळे सभ्यपणे बोलायचे आणि कानावर हात ठेवायचे.

शेवटी एका वकिलानं वाट दाखवली. ज्यानं मयताची ओळख दिली त्यानंच आपण खोटं नाव सांगितलं असं शपथेवर लिहून दिलं, तर ते कागद तिकडं पाठवता येतील आणि निदान पाटीवरचं नाव बदलेल. मी रमेशकडे गेलो. तो लगेच तयार झाला. खरं सांगायचं तर सुटका झाल्यासारखा दिसला. सोमवारी कोर्टात जायचं ठरलं. कमलनं त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसली. आम्ही दोघं रमेशच्या दाराशी गेलो तर त्याची आई उंबऱ्यात बसली होती.

"गया तो," ती म्हणाली.

"कुठं?"

"तठेच. परत गया. खातं बंद पडनं त्यानं, काय करतीन?"

भाईनं नवी बॅच काढली होती. रमेशला वाट माहीत होती म्हणून त्याला पुढं घातलं. त्यानं या वेळी कोणतं नाव घेतलं होतं ते त्याच्या आईला माहीत नव्हतं. त्याचा फोन, पत्र, काही आलं नाही. त्याची आई अजून विचारते आणि आता मी मान हलवतो.

कमल माझ्यासोबत परत निघाली. घरी आल्यावर साडी बदलली आणि टिकल्यांना बसली. थोरलीही तिच्या शेजारी बसली. थोरलीनं शाळा सोडली ती त्याच महिन्यात. बैसाणे ज्यासाठी गेला होता ते असं संपलं.

वस्तीतली वडीलधारी मंडळी म्हणाली, जलदान विधी करून घे. बौद्ध घरात माणूस गेल्यावर तो करतात, पुण्यानुमोदन करतात, चार माणसं त्याच्याबद्दल बोलतात. कमलनं नको म्हटलं. "कोनाना करू?" तिनं विचारलं. "मना मानूसना करू का नूर हुसेनना?" आणि मग मला म्हणाली, "भाऊ, तो म्हातारा जित्ता व्हई ना? त्याले कोनी सांगं का, त्यानं नाव तठे मातीमा गाडी टाकं म्हनीसन?" मी म्हटलं, वहिनी, त्याला कोण सांगणार? बटालियन तिथून केव्हाच उतरली होती.

दशक संपत आलं तेव्हा थोरलीचं लग्न ठरलं. मुलगा उधन्याचा, डाइंग मिलमध्ये कामाला, चांगला होता. पत्रिका छापायला कमल मला बरोबर घेऊन गेली. छापखानेवाला आमच्याच खानदेशातला. मजकूर लिहून घेताना तो वधूच्या वडिलांच्या नावाशी थांबला.

"वहिनी, पुढे काय लावू? श्री. की कालकथित?"

बौद्ध मंडळींत गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित लावतात, आमच्यात कैलासवासी. जिवंत असेल तर श्री. छापखानेवाल्याचा काही दोष नव्हता, तो रोज सगळ्यांना हेच विचारतो. कमलनं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"सिपाही लिखा," ती म्हणाली.

नियम मला माहीत आहे. पेन्शनवर आल्यावर नावाआधी रँक लावायचा मान वरच्यांचा असतो, सिपायाला तो नाही. एरवी असल्या गोष्टीवर मी कोणाशीही वाद घातला असता. मी म्हटलं, "बरोबर आहे. सिपाहीच लिहा." पत्रिका तशीच छापली गेली. बैसाणेचं नाव तो गेल्यानंतर कुठल्याही कागदावर छापून आलं ते तेवढंच.

लग्नात मामाच्या जागी मी उभा होतो. जेवणं चालू असताना नवऱ्याकडचे, दूरच्या नात्यातले एक वयस्क गृहस्थ पत्रिका हातात घेऊन माझ्याजवळ आले. सज्जन माणूस होता, मनापासून चौकशी करत होता.

"मुलीचे वडील अजून सर्व्हिसमध्ये आहेत वाटतं?"

"हो," मी म्हणालो.

"मुलीच्या लग्नाला तरी सोडायला हवं होतं त्यांना. सुट्टी नाही मिळाली?"

"नाही मिळाली," मी म्हणालो, आणि त्यांच्या ताटात भात वाढायला सांगितला.